नाण्यावर, नोटेवर आणि घटनेत देवाचे नाव : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

२०२२ साली लक्ष्मीपूजनाला दोनच दिवस उलटले होते. दिल्लीचे तेव्हाचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांनी मागणी केली, की नव्या नोटांवर एका बाजूला गांधीजी राहू द्यावेत आणि दुसऱ्या बाजूला लक्ष्मी-गणपती छापावेत. त्यांनी इंडोनेशियाचा दाखला दिला. त्या देशाने १९९८ मध्ये वीस हजार रुपियाच्या नोटेवर गणपती छापला होता. मग कोणी शिवाजी महाराजांचे चित्र सुचवले, कोणी डॉ. आंबेडकरांचे. नाशिकरोडला हा विषय टीव्हीपुरता राहणे शक्यच नव्हते. १९२८ पासून इथे नोटा छापल्या जातात आणि ‘प्रेसमध्ये आहे’ म्हटले की कुठली प्रेस, हे इथे कुणी विचारत नाही.

अशा वादात एक समज धरूनच चालतात : श्रद्धाळू माणूस हो म्हणणार आणि देव न मानणारा नाही म्हणणार. इतिहास तसे सांगत नाही. देवाचे नाव राष्ट्राच्या चिन्हांवर नको, असे ठामपणे म्हणणाऱ्यांमध्ये अनेक आस्तिक होते. त्यांची बाजू आज जवळजवळ विसरली गेली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा वाद नीट कळत नाही.

आधी आपल्या भागातली नाणी पाहू. पाचव्या शतकातला त्रैकूटक राजा दह्रसेन याच्या चांदीच्या नाण्यांवर तो स्वतःला ‘परमवैष्णव’ म्हणवतो. पुढच्या शतकातला कलचुरी राजा कृष्णराज ‘परममाहेश्वर’ म्हणवतो आणि त्याच्या नाण्यावर बसलेला नंदी आहे. कृष्णराजाची ही नाणी आपल्या बागलाणात, देवळाणे गावी सापडली आहेत. नाणे जेमतेम नखाएवढे, पण त्या गोल कडेवर राजाने आपले दैवत बसवले. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. तो देव राजाचा आहे. प्रजेचे मत कुणी विचारले नव्हते, विचारण्याची रीतही नव्हती. राजा बदलला की ठसा बदलायचा. १९०६ मध्ये गोदावरी-दारणा संगमावर जोगलटेंभीला तेरा हजारांहून अधिक नाणी मिळाली. ती क्षत्रप नहपानाची होती आणि त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला होता.

मराठी राज्यात चित्र आणखी वेगळे दिसते. शिवरायांच्या तांब्याच्या शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. पुढे चांदवडला आणि नाशिकला, म्हणजे टांकसाळीच्या भाषेत गुलशनाबादला, मराठ्यांचे रुपये पाडले गेले. त्यांवर फारसीत नाव मात्र दिल्लीचा मोगल बादशहा शाह आलम याचे. ज्या होळकरांच्या देवभक्तीच्या खुणा देशभर घाटांवर आणि मंदिरांवर आहेत, त्यांच्याच मुलखात ही नाणी चालत होती. त्यांचे धर्मप्रेम देवळात होते. नाणे बाजारात चालले पाहिजे, एवढीच नाण्याकडून अपेक्षा होती, आणि मला ही समज फार मोलाची वाटते.

लोकमताचा दबाव नाण्यावर उघडपणे आला तो इंग्लंडमध्ये. १८४९ च्या फ्लोरिन नाण्यावरून ‘देवाच्या कृपेने’ हा लॅटिन मजकूर गाळला गेला. लोक खवळले, त्याला ‘देवहीन फ्लोरिन’ म्हणू लागले आणि दोनच वर्षांत मजकूर परत आला. अमेरिकेत ‘देवावर आमचा विश्वास’ हे वचन १८६४ मध्ये, यादवी युद्धाच्या काळात, प्रथम नाण्यावर आले. १९०७ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी नव्या सोन्याच्या नाण्यांवरून ते काढायला लावले. ते स्वतः धार्मिक होते. पैशावर देवाचे नाव घालणे हा देवाचा अवमान आहे, असे त्यांचे म्हणणे. लोकांना ते पटले नाही आणि संसदेने १९०८ मध्ये वचन परत आणले. १९५६ मध्ये तर ते देशाचे ब्रीदवाक्य झाले. २००३ च्या गॅलप पाहणीत दहापैकी नऊ अमेरिकनांनी नाण्यांवरच्या या वचनाला पसंती दिली. ऑस्ट्रेलियात उलट झाले. १९९९ मध्ये देवाचा उल्लेख असलेली राज्यघटनेची नवी उद्देशिका, म्हणजे प्रास्ताविक, सार्वमताला टाकली, तेव्हा साठ टक्क्यांहून अधिक मतदारांनी ती नाकारली. अर्थात त्या नकारामागे इतर कारणेही होती.

आपल्याकडे असे सार्वमत कधी झाले नाही. मतदान झाले ते घटना समितीत, १७ ऑक्टोबर १९४९ रोजी. ह. वि. कामत यांनी सुचवले, की उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ अशी व्हावी. गोविंद मालवीय यांना ‘परमेश्वराच्या कृपेने’ हवे होते. आसामचे रोहिणीकुमार चौधरी म्हणाले, आम्ही शाक्त, म्हणजे देवीचे उपासक आहोत, मग देवीला का वगळता? एका वाक्याने केवढा प्रश्न उघडा पाडला! देवाचे नाव घ्यायचे ठरले, की कुठल्या देवाचे हे ठरवावेच लागते.

विरोधकांपैकी थाणू पिल्ले यांचा मुद्दा मला सर्वांत भक्कम वाटतो : माझी श्रद्धा असली तरी ती दुसऱ्यावर लादता येत नाही, आणि असा मजकूर म्हणजे श्रद्धेची सक्तीच. हृदयनाथ कुंझरू यांनी दाखवून दिले, की ज्या उद्देशिकेत विचार, विश्वास, श्रद्धा आणि उपासनेचे स्वातंत्र्य दिले आहे, तिच्याच सुरुवातीला हे बसत नाही. पूर्णिमा बॅनर्जी यांनी कामतांना विनवले, देवाला मताला टाकण्याच्या संकोचात आम्हाला पाडू नका. कामत मागे हटले नाहीत. बाजूने ४१ मते पडली, विरोधात ६८.

त्याच समितीने देवाला पूर्णपणे बाहेर ठेवले असेही नाही. राष्ट्रपतींच्या शपथेत ईश्वराच्या नावाने शपथ घेण्याचा पर्याय आहे आणि ज्याला तो नको त्याला गांभीर्यपूर्वक दृढकथनाचा. घटनेच्या हस्तलिखित प्रतीत चित्रकार नंदलाल बोस यांच्या मार्गदर्शनाखाली काढलेली चित्रे आहेत. मूलभूत हक्कांच्या भागावर राम, लक्ष्मण, सीता दिसतात. बोधचिन्हाखाली मुंडकोपनिषदातले ‘सत्यमेव जयते’ आले. परंपरा जपली, पण श्रद्धा ज्याची त्याच्याकडे राहू दिली.

नाशिककराला या मतदानामागे आणखी एक गोष्ट आठवते. घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर यांनी २ मार्च १९३० रोजी याच गावात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला होता. दार उघडले नाही. १९३५ मध्ये सत्याग्रह थांबला आणि त्याच वर्षी जिल्ह्यातल्याच येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. देव कोणाचा, हा प्रश्न इथल्या लोकांनी सभागृहाच्या आधी रस्त्यावर पाहिला होता.

नोटेपुरते सांगायचे, तर स्वातंत्र्यानंतर इंग्लंडच्या राजाच्या जागी आधी गांधीजींचा विचार झाला, पण १९४९ च्या एक रुपयाच्या नोटेवर अशोकस्तंभाचे सिंह आले. गांधीजी १९६९ मध्ये जन्मशताब्दीच्या नोटांवर आणि १९९६ पासून कायमचे आले. २०१० मध्ये बृहदीश्वर मंदिराची आणि २०१२ मध्ये वैष्णोदेवीची स्मारक नाणी निघाली. त्याविरुद्धची याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फेटाळली. प्रसंगाचे स्मारक नाणे आणि रोज प्रत्येकाच्या खिशात जाणारी नोट यांत फरक आहे, असे माझे मत आहे. गल्ल्यातली नोट हातातून पडली की आपला दुकानदार ती उचलून कपाळाला लावतो. त्यासाठी तिच्यावर लक्ष्मीचे चित्र असावे लागत नाही.

नोटेवर काय छापायचे हे रिझर्व्ह बँक कायदा, १९३४ च्या कलम २५ नुसार ठरते : बँकेच्या केंद्रीय मंडळाने शिफारस करायची आणि केंद्र सरकारने मान्यता द्यायची. यात लोकांना विचारण्याची तरतूद नाही.