दोन बोटं शिरली म्हणजे दोर सुरक्षित?

शिबारी या जपानी दोरबंधात स्वतःला बांधणाऱ्यांमध्ये एक समज घट्ट रुजलाय: दोराखाली दोन बोटं शिरली की धोका नाही. हे खरं नाही. बोटांना कळतो तो फक्त सैलपणा. मज्जातंतू दबतो तो बहुतेकदा दोर कोणत्या जागी आहे त्यामुळे. मांडी-पोटरी एकत्र बांधताना गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, हाडाचा टणक उंचवटा हाताला लागतो. तिथे मज्जातंतू अगदी कातडीलगत असतो. वेढा त्याच्यापासून चार बोटं खाली घ्या. ६ मिलिमीटरचा तागाचा दोर, वेढे शेजारी शेजारी सपाट. एकावर एक चढले की सगळा दाब एकाच रेघेवर येतो आणि दोर रुततो. अधूनमधून पायाचा अंगठा वर उचलून बघा. तो जड वाटला किंवा पावलावर मुंग्या आल्या, तर श्वासावर लक्ष देत सहन करत बसू नका, दोर लगेच सोडा. लुळं पडलेलं पाऊल सावरायला आठवडे लागू शकतात. एकट्याने बांधताना बोथट टोकाची कात्री हाताशी हवीच.