शत्रू कमी, वेग जास्त

स्पेस इन्व्हेडर्स हा खेळ ज्यांनी खेळलाय, त्यांना त्यातला शेवटचा शत्रू चांगलाच आठवत असेल. सुरुवातीला पाच रांगांत अकरा-अकरा असे ५५ परग्रहवासी संथपणे आडवे सरकत असतात. कडेला पोचले की एक पायरी खाली उतरतात आणि उलट्या दिशेने निघतात. आपण खालच्या तोफेने एकेकाला टिपत जातो, तसतसे उरलेले चपळ होत जातात. एकटा उरलेला तर असा सुसाट सुटतो की नेम धरायला उसंत मिळत नाही.

हा वाढता वेग आला यंत्राच्या मर्यादेतून. ती मर्यादा ओळखून जपणारा माणूस म्हणजे तोमोहिरो निशिकादो. जपानच्या ताइतो कंपनीने १९७८ साली आणलेला हा खेळ त्यांनी जवळजवळ एकहाती घडवला. कल्पना त्यांची, चित्रं त्यांची, प्रोग्राम त्यांचा आणि आतलं सर्किटही त्यांचंच.

निशिकादोंचा जन्म १९४४ साली ओसाकाजवळच्या किशिवादा शहरात झाला. तोक्यो डेन्की विद्यापीठातून ते १९६७ मध्ये अभियंता झाले आणि साठचं दशक सरता सरता ताइतोच्या कामात शिरले. तेव्हा खेळाच्या यंत्रांत पडदा नसायचा. १९७१ च्या त्यांच्या स्काय फायटरमध्ये विमानांच्या छोट्या प्रतिकृती होत्या आणि आरशांच्या साहाय्याने त्यांची प्रतिमा आकाशाच्या देखाव्यापुढे दिसायची. पुढे अमेरिकेच्या अटारी कंपनीचा पाँग हा पडद्यावरचा खेळ आला. निशिकादोंनी त्याचं सर्किट उलगडून कोणती चिप काय करते हे समजून घेतलं. हीच खरी त्यांची शाळा, असं मला वाटतं.

त्या पिढीच्या व्हिडिओ गेममध्ये प्रोग्राम नावाची गोष्टच नव्हती. खेळाचे सगळे नियम तारांच्या आणि चिपच्या जोडणीत पक्के केलेले असत. १९७५ मध्ये निशिकादोंचा वेस्टर्न गन हा खेळ अमेरिकेच्या मिडवे कंपनीने मायक्रोप्रोसेसर, म्हणजे प्रोग्राम चालवणारी चिप, बसवून नव्याने बनवला. त्यातली चित्रं आणि सफाईदार हालचाली पाहून आपला पुढचा खेळ प्रोसेसरवरच करायचा, हे त्यांनी ठरवलं. पण त्यासाठीची साधनं बाजारात तयार मिळत नव्हती. तीही त्यांनी स्वतःच बनवली. सुमारे वर्षभर हे काम चाललं. शत्रू म्हणून माणसं दाखवायला कंपनीची मनाई होती, म्हणून ऑक्टोपस, माकूल आणि खेकडा यांच्या आकारांचे परग्रहवासी आले.

आता त्या यंत्राच्या पोटात डोकावू. प्रोसेसर इंटेलचा ८०८०, सेकंदाला २० लाख ठोके देणारा. प्रोसेसरचं सगळं काम या ठोक्यांच्या तालावर चालतं. पडद्यावर २५६ गुणिले २२४ ठिपके. प्रत्येक ठिपका एकतर पेटलेला, नाहीतर विझलेला, म्हणजे पूर्ण चित्राला मेमरीचे ७,१६८ बाइट लागतात. पडद्यावरचं चित्र सेकंदाला ६० वेळा रेखलं जातं, म्हणजे एका चित्रामागे प्रोसेसरच्या हाती येतात जेमतेम ३३ हजार ठोके. एक बाइट बदलायला साधारण वीस ठोके धरले, तरी पूर्ण पडदा एकदा पुसण्यातच चार चित्रांहून जास्त वेळ गेला असता.

चित्र सरकवणंही किचकट होतं. एका बाइटमध्ये आठ ठिपके असतात. आकृती त्या आठांच्या मधोमध आणायची, तर बाइटमधले बिट, म्हणजे एकेका ठिपक्याच्या नोंदी, बाजूला ढकलावे लागतात आणि ८०८० ला ते एका वेळी एकच घर ढकलता येतात. म्हणून ढकलाढकलीसाठी प्रोसेसरच्या बाहेर एक वेगळं सर्किट ठेवलेलं होतं. त्याला बाइट आणि घरांची संख्या द्यायची, तयार उत्तर लगेच परत. पडद्यावर चित्र रेखणारा किरण अर्ध्यावर आला की प्रोसेसरला इशारा मिळायचा आणि जो अर्धा भाग नुकताच रेखून झाला, तिथले बदल तो तेवढ्यात उरकून घ्यायचा. त्यामुळे अर्धवट आकृती खेळणाऱ्याच्या नजरेस पडत नसे.

एवढं करूनही ५५ आकृत्या एका दमात हलवणं परवडणारं नव्हतं. मग दर चित्राला एकच परग्रहवासी हलवायचा, असा हिशेब बसला. मोठ्या पंगतीत एकच वाढपी असावा, तसं हे आहे. ५५ पानं असली की आपली पाळी उशिरा येते. एकच पान उरलं, तर वाढपी तिथून हलतच नाही. पूर्ण फौज असताना प्रत्येकाची पाळी ५५ चित्रांनी, म्हणजे सुमारे ०.९ सेकंदाने येते. एकटा उरलेला सेकंदाला ६० वेळा हलतो. निशिकादोंना हा परिणाम दिसला, खेळ त्यामुळे रंगतो हे उमगलं आणि त्यांनी तो तसाच ठेवला. सर्किट दुसऱ्याने आणि प्रोग्राम तिसऱ्याने केला असता, तर कुणीतरी हा दोष म्हणून दुरुस्त केला असता, अशी मला दाट शंका आहे.

मागे वाजणारे, उतरत जाणारे चार स्वर मात्र पूर्ण हेतुपुरस्सर बसवलेले. किती शत्रू उरलेत हे पाहून प्रोग्राम त्यांची लय वाढवतो. डोळ्यांनी मोजण्याआधीच कानांना संकट जवळ आल्याचं कळतं.

खेळ इतका चालला की जपानमध्ये फक्त याच यंत्रांची दालनं उघडली. १०० येनच्या नाण्यांची टंचाई झाली, असंही सांगतात. त्याला भक्कम पुरावा नाही. निशिकादोंनी १९९६ मध्ये ताइतो सोडली.

खेळाडूंनी या प्रोग्राममधली आणखी एक फट शोधली. शत्रूची गोळी त्याच्या पायाखाली थोड्या अंतरावर सुरू होते. शत्रू अगदी शेवटच्या पायरीवर उतरला की ती जागा आपल्या तोफेच्याही पलीकडे जाते, त्यामुळे त्याची गोळी लागतच नाही. मुद्दाम त्यांना तिथवर येऊ द्यायचं आणि खालून एकेक रांग साफ करायची, या डावाला जपानी खेळाडू 'नागोया-उची' म्हणतात. शत्रू आणखी एक पायरी उतरला, की खेळ तिथेच संपतो.