नव्वद मिनिटांची सभा आणि कारखान्यातली चोरी

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात एका कंपनीचे तीन कारखाने होते. तिथे यंत्रांचे छोटे सुटे भाग बनत. दोन मोठी कंत्राटं हातची गेली आणि तीनपैकी दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी पगार १५ टक्क्यांनी कापला गेला. एका कारखान्यात कंपनीचा अध्यक्ष स्वतः कामगारांसमोर उभा राहिला. जवळजवळ नव्वद मिनिटं त्याने आकडे दाखवले, कुणाची नोकरी जाऊ नये म्हणून हे करावं लागतंय असं सांगितलं, त्याबद्दल वाईट वाटत असल्याचं बोलून दाखवलं आणि प्रश्नांना उत्तरं दिली. दुसऱ्या कारखान्यात पंधरा मिनिटांत निर्णय कळवून सभा उरकली. कुठे कोणती सभा घ्यायची, हे मानसशास्त्रज्ञ जेराल्ड ग्रीनबर्ग यांच्या अभ्यासासाठी चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं होतं.

मग अवजारं आणि मालाच्या तुटीचा हिशेब झाला. कपात झालेल्या दोन्ही ठिकाणी चोरी वाढली, पण पंधरा मिनिटांवाल्या कारखान्यात कितीतरी जास्त. पगार पूर्ववत झाला तशी चोरीही पूर्वीच्या पातळीवर आली. १९९० साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की खिशाला बसलेली झळ दोन्हीकडे सारखीच होती. फरक होता तो माणसाला कसं वागवलं याचा. आपल्यावर अन्याय झालाय असं वाटलं की घेतलेली वस्तू चोरीची वाटेनाशी होते; ती थकलेली वसुली वाटते. ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मॅट्झा या समाजशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये अशा मनातल्या सबबींची वर्गवारी केली होती: माझा नाइलाज होता, कुणाचं काय बिघडलं, त्याच्याशी असंच वागायला हवं, बोलणारे स्वतः कुठे धुतल्या तांदळाचे आहेत, मी हे घरच्यांसाठी केलं. आपल्या बोलण्यातही हे दिसतं. ऑफिसातून पेन ‘ढापतात’, कागद ‘उचलतात’. ‘चोरला’ हा शब्द आपण दुसऱ्यासाठी राखून ठेवतो.

सबबीला गर्दीची साथ मिळाली की ती आणखी पक्की होते. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनामध्ये कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या, दगड झालेल्या लाकडाचं एक राष्ट्रीय उद्यान आहे. तिथले तुकडे पर्यटक खिशात घालतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी वाटेवर खुणा केलेले तुकडे ठेवले आणि पाट्या बदलून पाहिल्या. ‘अनेक पर्यटकांनी लाकूड नेल्यामुळे उद्यानाचं रूप बदललं आहे’ अशी पाटी होती तेव्हा जवळजवळ ८ टक्के तुकडे गेले. ‘कृपया नेऊ नका’ एवढंच म्हटलं तेव्हा २ टक्क्यांहूनही कमी. आपल्याकडे वीजतारांवर आकडे टाकणारा ‘सगळेच टाकतात’ म्हणतो, ते मला याच जातीचं वाटतं. म्हणून ‘वीजचोरीचा सुळसुळाट’ अशा मथळ्यांनी आकडे टाकणं कमी होईल असं मला वाटत नाही.

क्लेप्टोमेनिया मात्र वेगळा. यात गरज नसलेली वस्तू उचलण्याची ऊर्मी आवरत नाही. आधी ताण, उचलताना सुटका, नंतर लाज. हा आजार हजारात तीन ते सहा जणांना असतो असा अंदाज आहे. मिनेसोटा विद्यापीठाच्या २००९ मधल्या छोट्या चाचणीत, व्यसनांवर दिल्या जाणाऱ्या नाल्ट्रेक्सोन या औषधाने ही ऊर्मी कमी झाल्याचं दिसलं. अशा माणसाला दरडावण्याऐवजी डॉक्टरकडे नेलं पाहिजे.

आणि चोरी रक्तात असते, ही समजूत? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. पोलिसांकडे हजेरी, परवानगीशिवाय गाव सोडायला बंदी. सोलापुरात तर तारेच्या कुंपणात वसाहत उभी राहिली; तो भाग आजही ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखला जातो. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती कायद्यातून विमुक्त झाल्या. शिक्का राहिला. ज्याच्यावर तो आहे त्याला शेतावर राखणीला कुणी ठेवत नाही, घर भाड्याने देत नाही, आणि काम मिळालं तरी गावात चोरी झाली की पोलीस आधी त्याच्याच पालावर येतात. चौकशीला नेलेल्या दिवसाची मजुरी बुडते, आणि तो परत येतो तेव्हा त्याच्या जागी दुसरा लागलेला असतो.