इंग्रजीच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण: काय निवडावं आणि आमचं काम कसं चालतं

इंग्रजी ज्यांच्या घरची भाषा नाही अशा विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांबरोबर आम्ही काम करतो. शाळा, भाषावर्ग किंवा स्वतंत्र शिकवणी घेणारे शिक्षक चौकशीला येतात तेव्हा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: ‘कोणता कोर्स करावा?’ त्याचं उत्तर पुढे दिलं आहे. त्याआधी आमचं मत स्पष्ट सांगतो. शिकवण्याची पद्धत बदलते ती शिक्षकाच्या स्वतःच्या तासाला, त्याच्याच विद्यार्थ्यांसमोर. एका दिवसाच्या कार्यशाळेतून उत्साह मिळतो, दोन-चार उपक्रम मिळतात. पण दुसऱ्या दिवशी भरलेला वर्ग आणि संपवायचा अभ्यासक्रम समोर आला, की जुनी सवयच पुढे होते. म्हणून आमचं बहुतेक काम शिक्षकाच्या तासाच्या रेकॉर्डिंगवर चालतं.

तासात आम्ही काय पाहतो

एक नेहमीचा प्रसंग घ्या. शिक्षिका विचारतात, ‘व्हॉट डिड यू डू यस्टरडे?’ विद्यार्थी म्हणतो, ‘यस्टरडे आय गो टू मार्केट.’ शिक्षिका लगेच म्हणतात, ‘यू वेंट टू द मार्केट. गुड!’ विद्यार्थी ‘येस’ म्हणून खाली बसतो.

शिक्षिकेने चूक सुधारली, पण ती विद्यार्थ्यापर्यंत पोहोचली का? त्याने ऐकलं ते ‘गुड’. आपण बाजारात गेलो होतो हे बाईंना समजलं, एवढ्यावर त्याचं समाधान झालं. त्याऐवजी ‘यस्टरडे आय…?’ एवढंच म्हणून शिक्षिका थांबल्या असत्या, तर ‘वेंट’ त्याला स्वतःच आठवावं लागलं असतं. अर्थात, ते रूप त्याच्या कानावरूनच गेलं नसेल तर नुसतं थांबून उपयोग नाही. तिथे सरळ सांगून टाकावं. कुठे सांगायचं आणि कुठे आठवायला लावायचं, हा निर्णय शिक्षक तासाला कितीतरी वेळा घेतो, आणि बहुतेक वेळा तो आपण घेतोय याची त्याला जाणीवही नसते.

रॉय लिस्टर आणि लीला रांता यांनी कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या प्राथमिक वर्गांवरचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. तिथली मुलं फ्रेंच ही दुसरी भाषा म्हणून शिकत होती. शिक्षकांनी केलेल्या दुरुस्त्यांपैकी अर्ध्याहून अधिक वरच्या प्रकारच्या होत्या, म्हणजे मुलाचं वाक्य शिक्षकानेच बरोबर करून म्हणणं. आणि त्यानंतर मुलांनी स्वतः चूक दुरुस्त करून बोलण्याचं प्रमाण सगळ्यांत कमी होतं. आमच्या कामात हा निष्कर्ष रोज उपयोगी पडतो, कारण रेकॉर्डिंगवर तो शिक्षकाला स्वतःच्या कानांनी ऐकता येतो.

दुसरी गोष्ट थांबण्याची. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने विज्ञानाच्या तासांचा अभ्यास केला, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. परक्या भाषेत तर प्रश्न समजून घ्यायचा, उत्तर ठरवायचं आणि ते त्या भाषेत जुळवायचं, एवढं सगळं मुलाला करायचं असतं. त्याला एका सेकंदात उत्तर मागणं अन्यायाचं आहे.

काम कसं चालतं

शिक्षक आपल्या एका तासाचं रेकॉर्डिंग करतो. नुसता आवाज पुरतो. त्यातली पाच-सात मिनिटं तो स्वतः ऐकून जशीच्या तशी कागदावर उतरवतो. हे कंटाळवाणं आहे, आम्हाला माहीत आहे. तरी ते आम्ही कुणालाच माफ करत नाही. मी किती बोललो, मुलं किती बोलली, हे लिहिताना जितकं ठळक दिसतं तितकं आमच्या सांगण्याने दिसत नाही. मग आमचा मार्गदर्शक आणि शिक्षक मिळून सुधारायची एकच गोष्ट निवडतात. पुढचे काही आठवडे टाचणात तिची नोंद राहते, मग पुन्हा रेकॉर्डिंग होतं. एका वेळी एकच गोष्ट हा आमचा आग्रह आहे. पाच सूचना दिल्या की एकही टिकत नाही.

मुख्याध्यापक आणि संस्थाचालकांना एक विनंती. रेकॉर्डिंग आणि त्यावरच्या नोंदी आम्ही शिक्षकाखेरीज कुणालाही देत नाही. वार्षिक मूल्यमापनासाठी त्या मागू नयेत. पगारवाढ टांगणीला लागली की शिक्षक सजवलेला तास रेकॉर्ड करतो आणि शिकण्यासारखं काही उरत नाही. शक्य असेल तर एकाच शाळेतल्या दोन शिक्षकांना एकत्र पाठवा आणि वेळापत्रकात त्यांना एकमेकांच्या तासाला बसण्याची मोकळीक ठेवा.

प्रमाणपत्रांविषयी

प्रमाणपत्र आम्ही देत नाही, पण कोणतं कशासाठी हे सांगू शकतो. केंब्रिज विद्यापीठाची टीकेटी (टीचिंग नॉलेज टेस्ट) ही शिक्षकांसाठीची लेखी परीक्षा आहे. तिचे मुख्य भाग तीन, प्रत्येकी ८० प्रश्न, वेळ ८० मिनिटं. त्यात नापास होणं नाही. १ ते ४ अशी श्रेणी मिळते. शिकवण्यामागचं शास्त्र समजून घ्यायला ती चांगली, पण तिच्यात तुमचा तास कुणी पाहत नाही. सेल्टा या केंब्रिजच्याच, इंग्रजी शिकवायला शिकवणाऱ्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमात तो पाहतात: किमान १२० तासांचं प्रशिक्षण, खऱ्या विद्यार्थ्यांना सहा तास शिकवणं आणि चार लेखी कामं. तिथले विद्यार्थी प्रौढ असतात, त्यामुळे लहान मुलांना शिकवणाऱ्याने हा विचार आधीच करावा. डेल्टा ही केंब्रिजची त्यापुढची पदविका अनुभवी शिक्षकांसाठी आहे. सुरुवातीच्या वर्षांत तिच्या मागे लागू नये. परदेशात किंवा खासगी भाषासंस्थेत नोकरी हवी असेल तर सेल्टासारख्या प्रमाणपत्राचा उपयोग होतो. आहे त्याच वर्गात मुलांनी जास्त बोलावं एवढीच इच्छा असेल, तर आधी त्या वर्गाचं रेकॉर्डिंग करा.

सुरुवात करायची असेल तर

तुमच्या एका नेहमीच्या तासाचं टाचण पाठवा, मुद्दाम नवीन तयार करू नका. सोबत वर्गातल्या विद्यार्थ्यांचं वय, संख्या आणि त्यांना इंग्रजी साधारण कितपत येतं ते लिहा. रेकॉर्डिंगबद्दल विद्यार्थ्यांना, आणि ते लहान असतील तर पालकांना, आधी सांगून त्यांची संमती घ्या. संमती नसेल तर आम्ही फक्त टाचण आणि वह्यांवरून काम सुरू करतो.