घरातल्या मोठ्यांना वाचायला शिकवायचंय? 'उल्लास'मध्ये नाव असं नोंदवा

लिहितावाचता न येणारं माणूस स्वतः अर्ज भरायला येणार नाही. म्हणून ही माहिती तुमच्यासाठी आहे. आई, सासरे, घरी कामाला येणाऱ्या मावशी यांच्यासाठी पहिलं पाऊल तुम्हालाच उचलावं लागेल.

'उल्लास – नव भारत साक्षरता कार्यक्रम' ही केंद्र पुरस्कृत योजना 2022 ते 2027 या काळासाठी आहे. वय 15 किंवा त्याहून जास्त आणि लिहितावाचता येत नाही, एवढीच पात्रता. वरची वयोमर्यादा नाही, फी नाही. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात 2016 साली आजीबाईंची शाळा भरली, तेव्हा गुलाबी नऊवारीतल्या आज्या पाटी-दप्तर घेऊन वर्गात बसल्या होत्या. 'आता या वयात कशाला?' असं कोणी म्हणालं तर त्यांना ही गोष्ट जरूर सांगा.

नोंदणी गावातल्या किंवा वॉर्डातल्या शाळेमार्फत होते. मुख्याध्यापकांना भेटून 'उल्लासमध्ये असाक्षर नोंदवायचा आहे' असं सांगा. 'उल्लास' ॲपवर स्वतःहूनही नोंदणी करता येते. नाव, वय, पत्ता, मोबाइल नंबर अशी माहिती भरावी लागते. आधार कार्ड जवळ ठेवा आणि नाव त्यावर आहे तसंच लिहा, कारण पुढे प्रमाणपत्रावर नाव येणार आहे.

शिकवणारा स्वयंसेवकही याच ॲपवर नोंदवतात आणि मग दोघांची जोडणी होते. शाळेत याला 'टॅगिंग' म्हणतात. स्वयंसेवकाला मानधन नसतं. माझं मत विचाराल तर घरातलाच कोणी, नातू किंवा सून, स्वयंसेवक झालेला सर्वांत चांगला. परक्यासमोर चुकायची लाज वाटते, नातवासमोर नाही. शिकवायची वेळही मग घरच्या कामांप्रमाणे ठरवता येते. सुरुवात त्यांच्या स्वतःच्या नावापासून करा. मग एसटीची पाटी, औषधाची चिठ्ठी, बँकेचं पासबुक. पायाभूत साक्षरतेसाठी सुमारे 200 तास धरले आहेत. रोज एक तास दिलात तर साधारण सात महिने.

त्यानंतर चाचणी. महाराष्ट्रात ती 17 मार्च 2024 आणि 23 मार्च 2025 रोजी, दोन्ही वेळा रविवारी झाली. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी 50 असे एकूण 150 गुण, उत्तीर्ण होण्यासाठी 33 टक्के. ज्या शाळेतून नोंदणी झाली, तिथे चाचणीची वेळ आणि केंद्र आधीच विचारून ठेवा.

चाचणीला जाताना पासपोर्ट आकाराचा फोटो आणि आधार, मतदार ओळखपत्र किंवा बँक पासबुक यांपैकी एक ओळखपत्र लागतं. वाचायचा चष्मा विसरू देऊ नका. कमी गुण पडले तर शेरा 'सुधारणा आवश्यक' असा मिळतो आणि पुढच्या चाचणीला पुन्हा बसता येतं. हे त्यांना आधीच सांगा, नापास व्हायच्या भीतीनेच अनेक जण केंद्रापर्यंत येत नाहीत. उत्तीर्णांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचं प्रमाणपत्र मिळतं. ते घ्यायला शाळेत त्यांनाच न्या, पोच म्हणून सही त्यांनाच करू द्या.