लाखेत साठलेला बिग बँड

अमेरिकी बँडप्रमुख ग्लेन मिलरच्या बिग बँडने, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदाने, 1939 साली ब्लूबर्ड या रेकॉर्ड लेबलसाठी ‘इन द मूड’ हे नाचाचं संगीत वाजवलं. ते लोकांच्या घरी पोचलं एका किड्याच्या कृपेने. त्या काळची ग्रामोफोनची 78 आरपीएमची (मिनिटाला 78 फेरे घेणारी) तबकडी चपड्याची, म्हणजे शुद्ध केलेल्या लाखेची असे. लाखेचे इवलेसे किडे पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर रस शोषत बसतात आणि अंगाभोवती राळेचं कवच करतात. ही लाख मुख्यतः भारतातून, छोटा नागपूरच्या रानांतून जगभर जायची. अमेरिकेतल्या नाचघरांचे सूर आपल्या पळसावरच्या लाखेत साठले, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

तबकडीत निव्वळ लाख नसते. लाखेने बांधून ठेवलेली दगडाची भुकटी, काजळी, थोडे सुती तंतू असं ते मिश्रण. भुकटी मुद्दाम घातलेली असे. जड पोलादी सुई तिच्यावर घासून सुरुवातीच्या काही फेऱ्यांतच सूर कोरलेल्या खाचेच्या आकाराची होई. म्हणून दर बाजूला नवी सुई लावायची. झिजलेली सुई तशीच ठेवली की तिच्या धारदार कडा खाचेच्या भिंती खरवडत.

म्हणून तबकडी घेण्याआधी मी ती दिव्याखाली तिरपी धरतो. काळीभोर चमक दिसली तर जीव भांड्यात पडतो. राखाडी पट्टे दिसले, तर ट्रम्पेट-ट्रॉम्बोन जिथे जोरात वाजतात नेमकं तिथेच झीज झालेली असते. चांगली तबकडी स्पिरिटने मात्र कधीही पुसू नका, अल्कोहोलमध्ये लाख विरघळते! एलपीची, म्हणजे नंतर आलेल्या विनाइल तबकडीची, सुईही चालत नाही. तिचं टोक सुमारे 25 मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ते रुंद खाचेच्या तळाशी कचऱ्यात लोळतं. 78 साठी सुमारे 75 मायक्रॉनचं टोक लागतं, म्हणजे ते दोन्ही भिंतींना टेकून चालतं.

दुसऱ्या महायुद्धात लाख लष्करी कामांसाठी हवी होती. 1942 साली अमेरिकी सरकारने तबकड्यांसाठीच्या लाखेत 70 टक्के कपात केली. मग जुन्या तबकड्या गोळा करून, भरडून, त्यांच्याच नव्या बनू लागल्या. अशा किती सुंदर तबकड्या भरडल्या गेल्या असतील, या विचाराने आजही हळहळ वाटते.

सुई टेकली की आधी खरखर ऐकू येते. ती त्या दगडाच्या भुकटीची. मग सॅक्सोफोन सुरू होतात.