पाळी चुकल्यावर टेस्ट कधी करायची? या तारखेमागचा इतिहास

गर्भचाचणीच्या किटच्या पाकिटावर ‘पाळी चुकलेल्या दिवसापासून’ असं स्पष्ट छापलेलं असतं. तरीही बहुतेक जणींचा पहिला प्रश्न तोच असतो: आजच करू, की आणखी थोडं थांबू? ही तारीख गेल्या शंभर वर्षांत हळूहळू अलीकडे सरकत आली आहे, आणि आता जिथे थांबली आहे त्याच्या फार अलीकडे शरीर तिला येऊ देत नाही.

लघवीवरून दिवस गेलेत का हे ओळखायची धडपड फार जुनी. बाईने गहू आणि सातूवर रोज लघवी करावी, धान्य उगवलं तर ती गरोदर, असं प्राचीन इजिप्तच्या पपायरसांत लिहिलेलं आहे. खरी सुरुवात मात्र १९२७-२८ मध्ये बर्लिनला झाली. सेल्मार आशहाइम आणि बर्नहार्ड झोंडेक या डॉक्टरांनी वयात न आलेल्या उंदरांच्या माद्यांना बाईची लघवी टोचली, काही दिवसांनी त्यांना मारून बीजकोश तपासले. पुढे अमेरिकेत सशांवर आणि मग दक्षिण आफ्रिकेतल्या एका बेडकावर अशाच चाचण्या आल्या. बाई गरोदर असेल तर तिची लघवी टोचलेली त्या बेडकाची मादी दिवसभरात अंडी घालायची आणि तिला मारावंही लागत नसे. या सगळ्या चाचण्या एचसीजी हे एकच संप्रेरक शोधत होत्या. पुढे ज्यांची वार बनते त्या पेशी ते तयार करतात. पण प्राणी, प्रयोगशाळा आणि डॉक्टरची चिठ्ठी यांशिवाय काही हलत नसे, आणि पाळी चुकून आठवडा-दोन आठवडे उलटल्याशिवाय उत्तराचा भरवसा नसे.

१९६० मध्ये स्वीडनमध्ये प्राण्यांच्या जागी प्रतिपिंडं, म्हणजे ठरावीक पदार्थाला नेमकी चिकटणारी प्रथिनं (अँटिबॉडीज), आली. तरी उत्तर आधी डॉक्टरला कळायचं, मग बाईला.

ही गोष्ट मार्गारेट क्रेन या तरुणीला खटकली. १९६७ मध्ये ती न्यू जर्सीत ऑर्गनॉन या औषध कंपनीत सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनांची डिझाइनं करायला लागली होती. तिथल्या प्रयोगशाळेत तिने आरशाच्या वर ओळीने टांगलेल्या परीक्षानळ्या पाहिल्या. हे तर बाई घरीही करू शकेल, असं तिला वाटलं. टेबलावरच्या पेपरक्लिपांच्या प्लास्टिकच्या डबीवरून तिने किटचा साचा बेतला. डॉक्टर नाराज होतील म्हणून कंपनी आधी कचरत होती. पेटंट क्रेनच्या नावे निघालं, हक्क तिने कंपनीला १ डॉलरला दिले. ‘प्रेडिक्टर’ नावाने ते किट १९७१ मध्ये कॅनडात विकायला आलं. अमेरिकेत घरगुती किट यायला १९७०चं दशक सरत आलं. निकालासाठी नळी दोन तास न हलवता ठेवावी लागे आणि पाळी चुकल्यावर नऊ दिवस थांबावं लागे.

एवढं थांबायचं कारण रसायनात होतं. एचसीजी आणि बीजांड सुटताना वाढणारं एलएच ही संप्रेरकं रचनेने इतकी सारखी, की जुन्या चाचण्यांची गफलत व्हायची. १९७२ मध्ये जुडिथ वायटुकायटिस आणि सहकाऱ्यांनी एचसीजीचा नेमका वेगळा भाग पकडणारी चाचणी दाखवली. १९७५ नंतर मोनोक्लोनल, म्हणजे सगळी एकसारखी आणि एकच खूण पकडणारी, प्रतिपिंडं हाती आली आणि १९८८ पर्यंत थेट लघवीत धरायची पट्टी दुकानात होती.

मग प्रश्न उरला तो शरीराचा. अॅलन विलकॉक्स आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत, मूल हवं असलेल्या २२१ स्त्रियांची रोजची लघवी तपासली. बीजांड सुटल्यावर गर्भ ६ ते १२ दिवसांत रुजतो, बहुतेकदा आठव्या ते दहाव्या दिवशी. रुजल्याशिवाय लघवीत एचसीजी येत नाही. पाळीच्या अपेक्षित दिवशी साधारण १० टक्के गर्भ अजून रुजलेलेच नसतात, असं त्यांना आढळलं. म्हणजे त्या दिवशी कितीही महागडं किट आणलं तरी दहा गरोदर बायकांतल्या एकीला ‘नाही’ असंच दिसेल. आठवड्याने हा आकडा ३ टक्क्यांवर येतो.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: सुमारे २२ टक्के गर्भ बाईला चाहूल लागण्याआधीच गळून गेले होते. पूर्वी ही फक्त उशिरा आलेली पाळी असायची. आपल्याकडे तिसरा महिना लागेपर्यंत बातमी घराबाहेर जाऊ न देण्याची रीत आहे, तिच्यामागे अशाच अनुभवांचं शहाणपण असावं. म्हणून पाळीच्या चार-पाच दिवस आधीच टेस्ट करा, असं मी कुणालाही आपणहून सांगणार नाही. फिकट दुसरी रेषा दिसून नाहीशी होण्याचं दुःख खरं असतं.

उगीच लांबवणंही बरं नाही. गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे पाळी चुकते त्या दिवशीच चार आठवडे झालेले असतात. भारतात गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंतच करता येतो, तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मूल हवं असेल तर नावनोंदणी पहिल्या १२ आठवड्यांत व्हावी, अशी सरकारी आरोग्यसेवेची अपेक्षा आहे. गावोगावच्या आशाताईंकडे ‘निश्चय’ किट देण्यामागे हेच कारण होतं.

तेव्हा पाळी चुकलेल्या दिवशी सकाळच्या पहिल्या लघवीवर टेस्ट करा. ‘नाही’ आलं आणि पाळी आली नाही, तर आठवड्याने पुन्हा. पाळी अनियमित असेल तर संबंधानंतर २१ दिवस मोजा. आणि पाळी चुकलेली असताना पोटात एका बाजूला जोरात दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर दुसऱ्या टेस्टची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहिनीत रुजलेला असू शकतो.